ट्रकच्या एक्झॉस्टमधले तापमान सेन्सर: काम, बिघाड आणि तपासणी

डिझेल इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान हा इंजिनावर त्या क्षणी किती भार आहे याचा सर्वांत थेट पुरावा असतो. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण जवळजवळ ठरलेले असते. डिझेलमध्ये हवा भरपूर आत येते आणि ॲक्सिलरेटर दाबला की फक्त डिझेल वाढते. त्यामुळे टिपर न्यूट्रलमध्ये उभा असताना पुष्कळ हवेत थोडेसेच डिझेल जळते आणि एक्झॉस्टचे तापमान शंभर ते दोनशे अंश सेल्सियसच्या आसपास राहते. तोच टिपर भरून दुसऱ्या गिअरमध्ये चढण चढू लागला की टर्बोच्या आधी ते सहाशे अंशांच्या घरात जाते. टर्बाइन फिरवण्यात वायूची काही उष्णता खर्च होते, म्हणून टर्बोनंतर तापमान साधारण शंभर अंशांनी उतरलेले दिसते.

हे तापमान मोजून इंजिनाच्या ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळवणे एवढेच ईजीटी (एक्झॉस्ट गॅस टेंपरेचर) सेन्सरचे काम. दिसायला तो साधा असतो: करंगळीहून बारीक पोलादी नळी, तिच्यावर सुटा फिरणारा नट, मागे उष्णता सोसणाऱ्या आवरणाची वायर आणि टोकाला कपलर. नळीचे टोक एक्झॉस्टच्या प्रवाहात बुडालेले असते, बाकीचा भाग बाहेर.

गोव्याच्या डिचोली तालुक्यात शिरगाव, मये, लामगाव, मुळगाव, पाळी या पट्ट्यातून सारमानस, आमोणे अशा धक्क्यांवर लोहखनिज नेणाऱ्या जुन्या सहाचाकी टिपरांत हा सेन्सर नव्हता. काळा धूर, ओढ कमी होणे आणि रात्री लालबुंद दिसणारे टर्बोचे घर, एवढ्यावरच चालक अंदाज बांधत असे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या, मग काही काळ मर्यादेत चालल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर मार्चमध्ये पुन्हा बंद पडल्या. खाणपट्ट्यांच्या लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीतून खनिज पुन्हा निघू लागले. या मधल्या काळातच, १ एप्रिल २०२० पासून, देशभर बीएस-६ हे उत्सर्जनाचे निकष लागू झाले आणि नवा ट्रक म्हणजे सायलेन्सरच्या जागी एक छोटा रासायनिक कारखाना बाळगणारे वाहन झाले. जुना टिपर विकून नवा घेतलेल्या मालकाला इंजिन ओळखीचे वाटते. गोंधळ उडतो तो टर्बोच्या मागच्या भागात, आणि त्या भागाचा बहुतेक कारभार तापमानावर चालतो.

बीएस-६ ट्रकमध्ये टर्बोनंतर वायू प्रथम डीओसीत (डिझेल ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट) जातो. इथल्या लेपावर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन जळते, तसेच नायट्रिक ऑक्साइडचा काही भाग नायट्रोजन डायऑक्साइड होतो. पुढे डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी गाळणी. त्यानंतर डीईएफ या द्रवाची फवारणी. त्याला गॅरेजमध्ये सरळ ‘युरिया’ म्हणतात आणि त्यात ३२.५ टक्के युरिया व बाकी शुद्ध पाणी असते. शेवटी एससीआर, जिथे या युरियापासून झालेला अमोनिया नायट्रोजनच्या ऑक्साइडांना निष्प्रभ करतो. सेन्सर या टप्प्यांच्या आधी-नंतर बसवलेले असतात: डीओसीआधी, डीओसी आणि डीपीएफच्या मध्ये, डीपीएफनंतर, एससीआरआधी आणि काही मॉडेलांत एससीआरनंतरही. काही इंजिनांत टर्बोच्या आधीही एक असतो. तो टर्बाइन वाचवण्यासाठी. सेन्सरांची संख्या आणि जागा कंपनीगणिक बदलतात, म्हणून दुसऱ्या मॉडेलचे चित्र पाहून आपल्या गाडीवर हात टाकू नये.

सेन्सरच्या टोकात तीनपैकी एक गोष्ट असते. पहिली, सिरॅमिकवर बसवलेला प्लॅटिनमचा पातळ थर. प्लॅटिनम तापले की त्याचा विद्युत रोध ठरलेल्या प्रमाणात वाढतो. ट्रकमध्ये बहुधा ‘पीटी-२००’ प्रकार आढळतो: शून्य अंशाला २०० ओहम, गोव्याच्या नेहमीच्या हवेत साधारण २२० आणि ६०० अंशांना सहाशे ओहमच्या थोडे वर. ईसीएम आतल्या एका ठरावीक रोधातून पाच व्होल्ट पाठवतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट पडले त्यावरून तापमान काढतो. दुसरा प्रकार थर्मिस्टर. त्यात उलटे असते: थंड असताना रोध प्रचंड, तापला की झपाट्याने कमी. तिसरा थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारांचा सांधा. सांधा तापला आणि तारांची दुसरी टोके थंड राहिली की सूक्ष्म व्होल्टेज निर्माण होते. के-प्रकारात अंशामागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट. इतका क्षीण संदेश लांब वायरीतून पाठवण्यात अर्थ नसतो, म्हणून दोन-तीन थर्मोकपल एका छोट्या डबीला जोडलेले असतात. ही डबी स्वतःचे तापमान मोजून हिशेब दुरुस्त करते आणि तयार आकडा डिजिटल संदेशाने पुढे पाठवते. अशा रचनेत एक टोक बिघडले तरी बऱ्याचदा अख्खा संच बदलावा लागतो, आणि बिलाचा आकडा पाहून मालकाला धक्का बसतो तो इथेच.

आपल्या ट्रकमध्ये यांपैकी कोणता प्रकार आहे हे माहीत असल्याशिवाय मल्टिमीटर लावण्यात अर्थ नाही. थंड थर्मिस्टरचा रोध इतका मोठा असतो की मीटर वायर तुटल्यासारखे दाखवतो आणि चांगला सेन्सर भंगारात जातो.

आता मुख्य प्रश्न: हे आकडे कशासाठी वापरले जातात? डीपीएफमध्ये साठलेली काजळी दोन तऱ्हांनी जळते. सुमारे २५० अंशांच्या वर नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने ती हळूहळू आपोआप जळत राहते. यासाठी गाडी फक्त व्यवस्थित तापून धावत राहायला हवी. ते पुरेसे झाले नाही, तर ईसीएम मुद्दाम डिझेल एक्झॉस्टमध्ये सोडतो. ते डीओसीत जळते आणि डीपीएफचे तोंड साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापते. यालाच रीजन म्हणतात. पण हे डिझेल सोडायचे तर आधी डीओसी पेटण्याजोगा गरम असला पाहिजे, ढोबळमानाने अडीचशे अंशांच्या वर. तो तसा आहे की नाही हे सांगणारा पहिला सेन्सर. सोडलेल्या डिझेलने खरोखर उष्णता दिली का, हे सांगणारा दुसरा. आत काजळी बेफाम तर जळत नाही ना, यावर डोळा ठेवणारा तिसरा. पुढे एससीआरआधीचा सेन्सर १८०-२०० अंश झाल्याखेरीज युरियाची फवारणी होऊ देत नाही. त्याहून थंड नळीत युरिया फवारला तर तो अमोनिया होण्याऐवजी पांढऱ्या खड्यांच्या रूपात भिंतींवर साचतो.

खोटा आकडा दाखवणारा सेन्सर काय करतो, हे यावरून सहज काढता येते. डीओसीआधीचा सेन्सर प्रत्यक्षाहून कमी तापमान दाखवत असेल तर रीजन सुरूच होत नाही; गाळणी भरत जाते, दिवा लागतो, ताकद कमी होते. तोच जास्त दाखवत असेल तर थंड डीओसीवर डिझेल सोडले जाते. ते जळत नाही, लेप भिजतो, पांढरा उग्र धूर निघतो आणि पुढे कधीतरी गाडी तापली की साठलेले सगळे एकदम पेटते. सर्वांत महागडी चूक मधल्या सेन्सरची. तो कमी दाखवू लागला की ईसीएमला वाटते अजून उष्णता हवी; तो डिझेल वाढवत नेतो आणि गाळणीचा सिरॅमिक ठोकळा तडकतो किंवा वितळतो. म्हणून पूर्ण मेलेला सेन्सर एका अर्थी बरा: तो लगेच कोड देतो आणि रीजन बंद पाडतो. पंचवीस-पन्नास अंशांनी चुकणारा, पण मर्यादेत राहणारा सेन्सर जास्त नुकसान करतो.

ट्रकमालकांच्या मनात या सेन्सरविषयी एक गैरसमज पक्का असतो, की तो गाडी जास्त तापली तरच बोलतो. गोव्याच्या डिचोली आणि पेडणे तालुक्यांत अडचण बहुधा उलटी असते. डिचोलीत खाणीपासून धक्क्यापर्यंतचा फेरा थोड्या किलोमीटरांचा, परतीचा प्रवास रिकामा, आणि भरणीच्या व वजनकाट्याच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभे राहणे. यात तापमान अडीचशेच्या वर टिकून राहायला वेळच मिळत नाही. काजळी साठते, रीजन सुरू होते न होते तोच चालक इंजिन बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी तेच. पेडणे तालुक्यात दोन वेगळी चित्रे दिसतात. पत्रादेवीहून गोव्यात शिरून राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून सलग धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या ट्रकांना सहसा रीजनची तक्रार नसते. मोप, धारगळ, तुये परिसरात बांधकामावर चिरे, खडी, सिमेंट टाकणाऱ्या गाड्यांना ती वारंवार असते. गाडी तीच, सेन्सर तेच. अशा वेळी सेन्सर बदलून काही हाती लागत नाही. रांगेत इंजिन बंद ठेवणे, रीजनचा दिवा लागल्यावर ते पूर्ण होऊ देणे आणि आठवड्यातून एकदा गाडी भरलेल्या अवस्थेत अर्धा-पाऊण तास सलग पळवणे, हाच उपाय.

जास्त तापमानाची तक्रार खरी असते तेव्हा तिचे कारण बहुधा हवेच्या बाजूला सापडते. खनिजाच्या लाल धुळीने एअर फिल्टर चोंदला, इंटरकूलरची रबरी होज फाटली किंवा तिची क्लिप सैल झाली की सिलिंडरला हवा कमी पडते, डिझेल तेवढेच राहते आणि वायूचे तापमान चढते. गळका इंजेक्टर आणि प्रमाणाबाहेर भरलेला माल हीदेखील नेहमीची कारणे. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना तापमानाची चेतावणी येत असेल तर आधी फिल्टर, मग होज, मग माल, आणि सगळ्यात शेवटी सेन्सर, या क्रमाने पाहावे. उतरणीवर एक्झॉस्ट ब्रेक धरून येताना तापमान झपाट्याने खाली आले तर त्यात बिघाड काही नाही.

सेन्सरच्या तपासणीसाठी सर्वांत स्वस्त आणि भरवशाची चाचणी पहाटे करता येते. गाडी रात्रभर बंद उभी असली की सगळी यंत्रणा बाहेरच्या हवेइतकी थंड झालेली असते. इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करून स्कॅनरवर सगळ्या ईजीटी सेन्सरांचे आकडे शेजारी शेजारी पाहावेत. गोव्यात ते पंचवीस-तीस अंशांच्या आसपास आणि एकमेकांपासून दहा-पंधरा अंशांच्या आत असावेत. चार सेन्सर २७-२८ दाखवत असताना एकच ६० दाखवत असेल तर गुन्हेगार सापडला. मग इंजिन सुरू करून गाडी फिरवावी आणि आकडे कोणत्या क्रमाने वाढतात ते पाहावे. डीओसीआधीचा सर्वांत आधी, मग मधला, आणि डीपीएफनंतरचा बराच उशिरा, कारण मधला ठोकळा तापायला वेळ लागतो. हा क्रम उलटा दिसला तर नुकत्याच झालेल्या कामात दोन कपलर आपसांत बदलले गेले असण्याची दाट शक्यता असते. सारखे दिसणारे कपलर शेजारी असले की ही चूक अनुभवी मेकॅनिककडूनही होते.

स्कॅनरवरचा कोड वाचताना त्याचे दोन भाग वेगळे समजून घ्यावेत. ट्रकांत वापरल्या जाणाऱ्या जे-१९३९ पद्धतीत पहिला आकडा जागा सांगतो: ४७६५ डीओसीआधी, ४७६६ डीओसीनंतर, ३२४२ डीपीएफआधी, ३२४६ डीपीएफनंतर, ४३६० एससीआरआधी आणि ४३६३ एससीआरनंतर. दुसरा आकडा दोषाचा प्रकार सांगतो. ३ म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त, ४ म्हणजे कमी, २ म्हणजे आकडा विश्वासार्ह नाही, ० म्हणजे तापमान खरोखरच धोक्याच्या पातळीवर. शेवटच्या प्रकारात सेन्सर दोषी समजून बदलणे ही शुद्ध उधळपट्टी. तो आपले काम करतो आहे.

प्लॅटिनम प्रकारात ३ बहुतेक वेळा तुटलेल्या वायरीकडे आणि ४ चिकटलेल्या वायरीकडे बोट दाखवतो. दोष सेन्सरमध्ये की वायरिंगमध्ये, हे ठरवायची युक्ती साधी आहे. कोड ४ असताना कपलर काढावा. कोड लगेच ३ झाला तर वायरिंग आणि ईसीएम ठीक, सेन्सर आतून शॉर्ट. कोड ४ च राहिला तर शॉर्ट वायरिंगमध्ये आहे. कोड ३ असताना ट्रकच्या बाजूच्या कपलरमधल्या दोन पिना तारेने जोडाव्यात. कोड ४ झाला तर सेन्सर तुटलेला, न बदलल्यास वायर तुटलेली. पिना जोडण्याआधी कंपनीच्या सर्किट चित्रावरून त्या याच दोन पिना आहेत याची खात्री करावी. डबीवाल्या थर्मोकपल संचावर हा प्रयोग करू नये.

गोव्यात वायरिंगचे दोष सेन्सरच्या दोषांइतकेच, किंबहुना जास्त, महत्त्वाचे ठरतात. खनिज वाहतूक पावसाळ्यात जवळजवळ थांबते. मांडवीच्या मुखाशी असलेला आग्वादचा वाळूचा बांध त्या काळात बार्जना ओलांडता येत नाही, आणि टिपर जूनपासून सप्टेंबरपर्यंत उभे राहतात. दमट हवेत कपलरच्या पिनांवर हिरवा थर चढतो, उंदीर वायरी कुरतडतात, डीईएफच्या नोझलवर युरियाचे खडे धरतात. हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक ईजीटी कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करावा, रबरी सील तपासावे आणि वायर चॅसिसला किंवा सायलेन्सरच्या पत्र्याला कुठे घासते का ते हाताने चाचपून पाहावे. सेन्सरच्या दिशेने प्रेशर पंपाचे पाणी मारू नये. गरम नळीवर थंड पाण्याचा झोत पडला की आतला सिरॅमिक तडकतो, आणि दोष दिसतो तो पंधरवड्याने.

सेन्सर खरोखर बदलायचा ठरला तर तो काढणे हेच अवघड काम असते. शेकडो वेळा तापून-थंड होऊन आटे धरलेले असतात. एक्झॉस्ट कोमट असताना गंज सोडवणारे तेल मारून काही वेळ थांबावे, वायरीसाठी खाच असलेला पाना वापरावा, आणि नट फिरवताना वायर पिळली जाणार नाही याकडे लक्ष द्यावे. जबरदस्तीने आटे गेले तर सेन्सरच्या किमतीत डीपीएफच्या डब्याची दुरुस्तीही येऊन बसते. नव्या सेन्सरच्या आट्यांवर बहुधा कंपनीने लेप दिलेला असतो. नसेल तर उच्च तापमानाचे अँटीसीझ फक्त आट्यांवर, टोकाला अजिबात नाही. टॉर्क पुस्तिकेप्रमाणे. वायर सेन्सरला लागूनच वाकवू नये आणि मूळच्या धातूच्या क्लिपमध्येच बसवावी. प्लॅस्टिकची पट्टी तिथे वितळते. नळीची लांबी वेगळी असलेला, ‘आटे बसतात’ म्हणून लावलेला सेन्सर टाळावा. टोक प्रवाहाच्या मध्यापर्यंत पोचले नाही तर तो कायम कमी तापमान दाखवेल, आणि त्याचे परिणाम वर आलेच आहेत.

सेन्सरच्या जागी दोन पिनांत ठरावीक रोध लावून दिवा घालवून देण्याची युक्तीही गॅरेजांत ऐकायला मिळते. ईसीएमला मग इंजिन बंद असतानाही आणि घाट चढतानाही एकच तापमान दिसते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत निदानप्रणाली अधिक कडक आहे. आकडा हलत नाही हे तिच्या लवकर ध्यानात येते आणि आधी दिवा, मग ताकदीत घट अशी शिक्षा सुरू होते. जुन्या बीएस-६ गाड्यांत ही युक्ती काही दिवस खपते, तोवर डीपीएफचा बळी गेलेला असतो. डीपीएफची किंमत सेन्सरच्या कितीतरी पट असते.

दुरुस्तीनंतर कोड पुसावेत, पहाटेची थंड चाचणी पुन्हा घ्यावी आणि गाळणी भरलेली असल्यास उभ्या गाडीत रीजन करून घ्यावे. याला अर्धा ते पाऊण तास लागतो आणि तेवढा वेळ सायलेन्सर व त्याच्या तोंडातून निघणारा वायू नेहमीपेक्षा कितीतरी तापलेला असतो. फेब्रुवारी ते मेपर्यंत पेडण्याच्या काजूबागांच्या कडेला आणि डिचोलीच्या माळांवर वाळलेला पाला व गवत पडलेले असते. तिथे गाडी उभी करून रीजन करू नये. मोकळी, खडीची किंवा सिमेंटची जागा निवडावी. ताडपत्री, डिझेलचे कॅन आणि माणसे एक्झॉस्टच्या तोंडापासून लांब ठेवावीत, आणि रीजन संपेपर्यंत चालकाने गाडीजवळून हलू नये.